उजेडाकडं तोंड कर

"उजेडाकडं तोंड कर."

एवढंच म्हणायची ती. नाव नाही, गाव नाही, 'कसा आहेस' नाही. समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायची, तोंड दाराकडं वळवायची आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहायची. तेवढा वेळ तिची पापणी हलायची नाही. ज्याची हनुवटी धरलेली असे, त्यालाही मग हलायचं सुचत नसे. थोड्या वेळानं "न्हाय" म्हणून ती हनुवटी सोडून द्यायची आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसायची.

पायरी माझ्या दुकानाची. बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. नंबर काढतो, चष्मे बनवतो, आणि जे माझ्या हातातलं नाही ते पुढं पाठवतो. तरी गिऱ्हाइकं डॉक्टरच म्हणतात आणि मीही आता त्यांना दुरुस्त करायचं सोडून दिलंय. ती एकटी मला कधी डॉक्टर म्हणाली नाही. "काय रे चष्मेवाल्या," अशीच हाक. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल, पण सगळा बाजार तिला आजी म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो.

केळफुलं विकायची. गिऱ्हाईक म्हणालं तर तिथंच सोलूनही द्यायची. तुमच्यापैकी ज्यांनी केळफूल सोललंय त्यांना तो चीक माहीत असेल. हाताला तेल लावून घेतलं नाही तर बोटं काळी होतात आणि साबणानं जात नाहीत. आजी तेल लावायची नाही. त्यामुळं तिनं ज्याची हनुवटी धरली त्याच्या हनुवटीवर दोन काळे डाग राहायचे, एक इकडं, एक तिकडं. असा माणूस बाजारातून चालला की भाजीवाल्या एकमेकींना खुणवायच्या, "आजीनं तपासलेला दिसतोय." मी हसायचो. पण खरं सांगतो, ते डाग बघून मला जरा कसंतरीच व्हायचं.

मी चिडका माणूस आहे. गिऱ्हाइकांच्या अंगाला कुणी हात लावलेला मला चालत नाही. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणालो, "आजी, पायरीवर बस, फुलं विक, पण माझी माणसं पिडू नकोस."

"सगळ्यांना कुठं पिडते?" ती म्हणाली. "घाऱ्या डोळ्यांचीच बघते."

हे खरं होतं. काळ्या डोळ्यांच्या माणसाकडं ती ढुंकूनही बघायची नाही. आमच्या भागात घारे डोळे काही कमी नाहीत. दिवेआगरचे वाडीवाले आहेत, इकडच्या मोहल्ल्यात तर एकेका घरात चार-चार जोड्या. त्या सगळ्यांनी सरळ माझ्यासमोरच्या दुकानातून चष्मा घ्यायला सुरुवात केली असती, म्हणून मी चिडून विचारलं, "पण बघतेस तरी काय?"

तेव्हा तिनं सांगितलं. केळफुलाच्या पाकळ्या एकामागून एक काढत, माझ्याकडं न बघता.

तिचा एकुलता एक मुलगा नारळ-सुपारी उतरवायचा. नवरा आधीच गेलेला, घरात ती आणि तो. मुलाचे डोळे घारे होते. तिच्या माहेरी नाहीत, सासरी नाहीत, कुठून आले कुणाला ठाऊक. "लहानपनी अंधारात बसला तरी दिसायचा मला," ती म्हणाली. वादळात दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या ते तुम्हाला आठवत असेल. जी झाडं उभी राहिली, त्यांतली पुष्कळशी मुळातून हललेली होती. वरून दिसायचं नाही. दोन वर्षांनी त्यातलंच एक माडाचं झाड त्याला घेऊन खाली आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तीन दिवस होता, मग संपलं. तिथल्या एका बाईंनी आजीला बाजूला घेऊन विचारलं, डोळे द्याल का?

"मीच म्हनलं, घ्या. त्याचं डोळं चांगलं हायत, म्हनलं. अंगठा मीच दिला." पाकळी काढून ती थांबली. "मला कुनी जबरदस्ती न्हाय केली."

मग दहावा दिवस आला. खाडीकाठी पिंड ठेवलं. कावळे होते, बांधावर दहा-बारा बसलेले, पण एकही खाली उतरेना. पुतण्यानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू. कावळा नाही. वाडीचं राहिलेलं काम पुरं करू. नाही. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डोळेच नाहीत तर त्याला दिसणार कसं, यायचं कुठं ते?"

 आजी उठली, पिंडाजवळ जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तुझं डोळं कुठं हायत ते मी शोधीन. दोनीबी बघून येईन. सांभाळीन."

कावळा आला.

"बोलून बसले," ती मला म्हणाली. "आता बघाय नको?"

मी असल्या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक लागली की तो येतो, इतकं माझं सरळ गणित आहे. पण हे तिच्या तोंडावर बोलायचं धाडस मला झालं नाही. इस्पितळाकडून तिला एक कागद आला होता, तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बाळगायची. त्यात आभार मानलेले होते आणि दोन माणसांना दृष्टी मिळाली असं लिहिलेलं होतं. नावं नव्हती. नावं देत नाहीत, नियमच आहे, आणि नियम बरोबर आहे. ती दोनदा तिथं जाऊन आली. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका शिपायानं तिला सांगितलं, "एक डोळा तुमच्याच बाजूला गेलाय, आजी." खरं होतं की तिला दारातून हलवण्यासाठी बोलला, देव जाणे. तिनं मात्र घाऱ्या डोळ्यांच्या माणसांना धरायला त्याच आठवड्यापासून सुरुवात केली, आणि डोळ्यांची तक्रार असलेला माणूस शेवटी चष्म्याच्या दुकानात येतोच, असा हिशेब करून माझी पायरी निवडली.

आता माझी चूक सांगतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की घारे डोळे शोधून काही उपयोग नाही. डोळा दिला म्हणजे अख्खा डोळा दुसऱ्याला बसवत नाहीत. बुबुळाच्या पुढं एक काच असते, पाण्यासारखी स्वच्छ, तेवढीच काढून दुसऱ्याला शिवतात. रंग मागं राहतो. तो घारेपणा त्याच्याबरोबर चितेवर गेला होता. हे मला ठाऊक होतं आणि मी वर्षभर तिला सांगितलं नाही. आधी वाटलं, कशाला तिचं मन मोडा. नंतर वाटलं, आता सांगितलं तर विचारील, इतके दिवस का नाही बोललास.

वर्षभरात तिनं तालुक्यातले घारे डोळे जवळजवळ संपवले. बँकेच्या साहेबाला तिनं काउंटरच्या आत जाऊन धरलं. लग्नाच्या मांडवात एका नवरदेवाला आशीर्वाद द्यायला म्हणून गेली आणि हनुवटी धरून बसली. त्याच्या फोटोंत काळे डाग आलेत, असं सांगत त्याची बहीण माझ्याकडं भांडायला आली होती. आजीच्या वतीनं मी शिव्या खाल्ल्या. ती पायरीवरून सगळं ऐकत होती. बहीण गेल्यावर म्हणाली, "त्याचं न्हाय पन. मी बघितलं."

मग एक दिवस दिवेआगरला उतरलेली मुंबईची एक मुलगी दुकानात आली. समुद्रावरची वाळू डोळ्यात गेली होती. "अंकल, लेन्स धुवायचं पाणी मिळेल का?" मी कपाटाकडं वळलो तोवर आजी पायरीवरून उठलेली. मुलीचे डोळे घारे होते. इतके घारे मी बघितले नव्हते.

"बाय, तुझं आपरेशन झालंय?"

"काय?" मुलगी घाबरली.

"उजेडाकडं तोंड कर."

आजीनं हनुवटी धरली. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाळूनं की भीतीनं सांगता येणार नाही. आजी बघत राहिली, बघत राहिली, आणि तिनं 'न्हाय' म्हटलं नाही. इतका वेळ तिनं त्याआधी कुणालाच धरलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "आजी, एक मिनिट, फार टोचतंय," आणि मान खाली घालून तिनं उजव्या डोळ्यातली लेन्स बोटावर काढली.

मान वर केली तेव्हा तिचा एक डोळा घारा होता आणि एक काळा.

आजी मागं सरकली. त्या बोटाच्या टोकावर, वाटीसारखा, घारा रंग बसला होता आणि दारातल्या वाऱ्यानं किंचित हलत होता. आजी एकदा त्या बोटाकडं बघे, एकदा त्या काळ्या डोळ्याकडं. "रंग निघाला," ती म्हणाली. तिचा आवाज कुणीतरी बारीक केल्यासारखा झाला होता.

मुलगी गेल्यावर मला गप्प बसवेना. मी साध्या लेन्सची एक डबी फोडली, लेन्स माझ्या बोटावर घेतली आणि तिच्यापुढं धरली. "आजी, हे बघ. तुझ्या मुलाचं काय दिलं ते असं होतं."

ती वाकली. "ह्यात कायच न्हाय."

"नाहीच. रंग नसतो त्याला. काच असते नुसती. ज्याला बसवलीय त्याचे डोळे काळेही असतील."

तिनं मला विचारलं नाही, इतके दिवस का बोलला नाहीस.  मग टोपली उचलून गेली. मला माझीच लाज वाटली. ती पंधरा दिवस आली नाही आणि त्या पंधरा दिवसांत पायरी झाडताना रोज मला वाटायचं, आपण म्हातारीचं काहीतरी काढून घेतलं.

सोळाव्या दिवशी हजर. टोपली ठेवली आणि पहिला प्रश्न, "मग ते कुनाचंबी असंल."

"असेल."

"तुझंबी?"

"माझं ऑपरेशन झालं असतं तर मला कळलं नसतं का, आजी?"

ती हसली. मग म्हणाली, "त्या काचंनं व्हतं काय पन?"

मला तिच्यासाठी काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी म्हणालो, त्या काचेतून उजेड आत जातो. ती स्वच्छ असली तर दिसतं, मळली की दिसत नाही. आणि मग, उगाच, बोलायच्या भरात मी पुढं म्हणालो, "कुणाच्या डोळ्यांत अगदी जवळून बघितलं की आपण दिसतो ना, एवढेसे? ते त्या काचेतच दिसतो."

आजीचे हात थांबले. "काय म्हनलास?"

मी पुन्हा सांगितलं. शाळेतला धडा आहे, त्यात काही विशेष नाही.

"त्याला मी काजळ घालायची," ती म्हणाली, "तवा मी दिसायची त्याच्यात. डोक्यावर पदर घेतलेली. एवढीशी." तिनं बोटाचं पेर दाखवलं. "म्हंजे मी दिसायची ती त्यातच?"

"त्यातच."

त्या दिवसापासून तिनं सगळ्यांना धरायला सुरुवात केली. घारे, काळे, पिंगट, म्हातारे, तरणे, माझ्याकडं येणारा कुणीही. आणि पहिल्यासारखं मिनिटभर नाही. ती नाकाला नाक लागेल इतकी जवळ जायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत स्वतःला शोधायची. तुम्ही कधी कुणाला असं करताना पाहिलंय का? तिची नजर त्या माणसाकडं नसायची. तो तिथं नाहीच असं ती बघायची. एक-दोघी बायका उठून गेल्या. एक तगडा खलाशी मला म्हणाला, "काका, ती माझ्यात कुणाला बघते?" मी म्हणालो, "स्वतःला." तो म्हणाला, "मग मला थंडी का वाजली?" 

माझीही पाळी आली. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. "उजेडाकडं तोंड कर," म्हणाली आणि मी मुकाट्यानं केलं. ती जवळ आली. केळफुलाचा वास, सुपारीचा वास. तिच्या डोळ्यांत मला मी दिसत होतो, आणि माझ्यात तिला ती. ते संपेचना. मला वाटलं, आता हिनं 'हाय' म्हटलं तर मी काय करू?

"तुझ्यात मी तिरकी दिसते," ती म्हणाली.

हसू नका. मला तिरका नंबर आहे, लहानपणापासून. बुबुळाची काच माझी सगळीकडं सारखी गोल नाही. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ती पायरीवरूनच सांगायची, "ह्याच्यात मी तिरकी हाय बग," आणि मी यंत्रावर तपासलं की त्या माणसाचा तिरका नंबर निघायचा. मी याचं कारण सांगू शकतो. तरी दर वेळी यंत्राचा आकडा बघताना माझ्या मानेवर काटा यायचा.

मग आला टेंपोवाला.

दिघीकडचा, मासळीची ने-आण करणारा. पूर्वी आखातात होता, चाळिशीचा, बोलका. डोळा लाल घेऊन दुकानात शिरला. "शेट, काहीतरी गेलंय डोळ्यात. दोन थेंब द्या आन् एक गॉगल द्या. उजेड सहन होत नाही. उद्या पहाटे माल भरायचाय." दुकानात तेव्हा चार माणसं होती. मी त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही. थेंबांची बाटली काढली, गॉगलची पेटी पुढं सरकवली. तीस वर्षं हे काम करतोय आणि मी हे केलं.

आजी उठली. "उजेडाकडं तोंड कर, बाबा."

"काय आजी, तुम्हीपण डाक्टर काय?" तो हसला, पण त्यानं केलं. उजेडानं डोळा गच्च मिटायला लागला तेव्हा तिनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हलकेच पापणी वर धरली. ती बघत राहिली. 

"ह्या डोळ्यात मी न्हाय," ती म्हणाली.

तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. 'न्हाय' म्हणायची, 'तिरकी' म्हणायची. 'मी न्हाय' कधीच नाही. मी बॅटरी घेऊन पुढं झालो. त्याच्या बुबुळावर गोल जोड होता आणि त्याच्याभोवती टाके, केसाहून बारीक, चाकाच्या आऱ्यांसारखे. आणि जोडलेली काच वाफ धरलेल्या आरशासारखी पांढुरकी झालेली.

"तुझं ऑपरेशन कधी झालं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

"होतील की तीन वर्षं. कोळंबीचा काटा गेला होता, डोळ्यात फूल पडलं. मग मुंबईला दुसऱ्याची काच बसवली. अल्लाचा करम, लई साफ दिसायचं."

"महिना कुठला?"

"तुमचा दसरा झाला होता नुकताच."

मी आजीकडं पाहिलं नाही. मला पाहवेना. "आणि थेंब? रोज घालायला सांगितले असतील."

"साफ दिसत होतं ना शेट, मग सोडले. आठ-नऊ महिने झाले असतील."

मी त्याच्यावर ओरडलो. चार माणसांसमोर त्याला गाढव म्हणालो, ते मी मागं घेत नाही. दुसऱ्याची काच आपलं शरीर कधी आपली मानत नाही. तिला बाहेर ढकलत राहतं. थेंब घालायचे ते शरीराला आवर घालायला. ते सोडले की एक दिवस असं होतं. "आजच्या आज मुंबईला गेलास तर कदाचित वाचेल. चार दिवसांनी गेलास तर डोळा गेला समज. आणि परत काच मिळायला किती वर्षं थांबशील, कुणाला माहीत?"

"आज कसं जमंल? उद्या माल..."

आजी दुकानातून बाहेर पडली होती. आम्ही दारात येऊन पाहतो तर ती त्याच्या टेंपोत पुढं बसलेली, केळफुलांची टोपली मांडीवर. "चल," ती म्हणाली.

"आजी, उतरा. कुठं येता तुम्ही?"

"मी न्हाय उतरत. चल तू."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "ती उतरणार नाही. मी ओळखतो तिला. आणि तू चालवू नकोस, एका डोळ्यानं." शेवटी त्याचा भाऊ आला, त्यानं गाडी घेतली. दिघीच्या धक्क्यावर फेरीबोट लागलीच होती. आगरदांड्याला उतरून ते पुढं गेले. त्या भावानं मला नंतर सांगितलं, वाटेत ती दर थोड्या वेळानं शेजारी वळून त्या डोळ्याकडं बघायची.

डोळा वाचला. पाच दिवस तासातासाला थेंब, सुया, सगळं झालं. आजी पाचही दिवस तिथं राहिली, इस्पितळाच्या जिन्याखाली झोपली. परत आल्यावर पुढचा महिनाभर सकाळच्या एसटीनं दिघीला जायची, त्याच्या दारात उभी राहायची, तिच्या देखत थेंब घातल्याशिवाय हलायची नाही. त्याच्या बायकोनं दिलेला चहा प्यायची आणि परत यायची. मुलाचं तिनं त्यांना कधी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. तो डोळा तिच्या मुलाचाच, असं छातीठोक कोण सांगणार? त्या आठवड्यात मुंबईत कितीतरी लोकांनी डोळे दिले असतील.

एकदा न राहवून मी विचारलं, "आजी, तोच का गं?"

ती पाकळ्या काढत होती. "आता मी दिसते त्याच्यात."

"कशी?"

"तशीच," ती म्हणाली.

मी तिला सांगणार होतो की स्वच्छ काचेत सगळे सारखेच दिसतात. नाही सांगितलं. एकदा सांगून झालं होतं माझं.

तरी ती थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पायरी, पुन्हा हनुवटी. मी म्हणालो, "आता पुरे की." तर म्हणाली, "दोनी म्हनले हुते मी." पण आता तिला दम लागायचा. माणसांसमोर उभं राहवेना, मग ती मला म्हणायची, "त्याला हिकडं आन." आणि मी, गिऱ्हाइकांच्या अंगाला हात लावू न देणारा मी, लोकांना पायरीपाशी नेऊन खाली वाकायला सांगायचो.

गेल्या थंडीत ती झोपेतच गेली. पुतण्याला कळलं तोवर सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी डोळ्यांसाठी इस्पितळात फोन केला. ते म्हणाले, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, गेल्याची वेळ सांगा. ती कुणालाच माहीत नव्हती. मुंबईहून गाडी निघून खाडी ओलांडून यायची म्हणजे आणखी पाच तास. नाही जमलं. मी बाहेर अंगणात बसून राहिलो आणि रडलो, हे लिहायला मला काही संकोच नाही.

दहाव्याला मी गेलो. तीच खाडी, तोच बांध. टेंपोवालाही आला होता, लांब उभा होता, गॉगल लावून. पुतण्यानं पिंड ठेवलं. कावळे होते. एकही उतरला नाही.

पुतण्यानं सांगितलं, घर राखीन. भावकीतल्या बायकांनी सांगितलं, तुझी तुळस जगवू. ऊन चढत गेलं. मला मनातून राग येत होता, कावळ्यांचा, भटजींचा, सगळ्यांचाच. तेवढ्यात टेंपोवाला पुढं आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं गॉगल काढला, उजेडाकडं तोंड केलं आणि म्हणाला, "आजी, थेंब घालतो मी. रोज. चुकवत नाही."

एक कावळा बांधावरून खाली आला. उड्या मारत पिंडापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. मान तिरकी करून टेंपोवाल्याकडं बघत राहिला, एका डोळ्यानं.  कावळ्यानं चोच लावली नाही. मागंही गेला नाही. तिथंच बसून राहिला, आणि मग त्यानं मान फिरवली आणि माझ्याकडं बघायला लागला.

तिला एकच सापडला होता, हे तिथं जमलेल्यांत एकट्या मला माहीत होतं. तिनं दोन्ही म्हटलं होतं.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. अजूनही मानत नाही. पण माझे पाय पुढं गेले आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, भांडायला लागल्यासारखा मोठा, "दुसरा मी बघतो, आजी. मी शोधतो. जा तू."

कावळ्यानं पिंडाला चोच लावली.

तेव्हापासून तपासणीची खुर्ची मी दाराकडं तोंड करून ठेवलीय. आमच्या बाजूला कधी आलात आणि चष्म्यासाठी माझ्या दुकानात शिरलात, तर मी तुमची हनुवटी धरीन, तोंड उजेडाकडं करीन आणि जरा जास्तच जवळ येईन. रागावू नका. तुमचा नंबर मी नंतर काढीन. आधी मला बघू द्या, तुमच्या डोळ्यांत डोक्यावर पदर घेतलेलं कुणी दिसतं का.